चाळिशी, मोतीबिंदू आणि 'आता वयच झालं'

मराठीत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. आपल्या पिढीच्या तोंडी हा शब्द फारसा येत नाही, आपण सरळ 'चष्मा' म्हणतो. पण घरातल्या जुन्या माणसांना विचारा. "माझी चाळिशी कुठं ठेवली रे?" हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. वयाचं नाव वस्तूला पडलं, म्हणजे आपल्या पूर्वजांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: चाळिशीच्या आसपास जवळची नजर कमी होते, प्रत्येकाची होते, आणि त्यावर इलाज आहे.

गंमत अशी, की शब्द घरोघरी पोचला, वस्तू मात्र पोचली नाही. पोथी वाचणाऱ्याला, वह्या लिहिणाऱ्या दुकानदाराला, मास्तरांना चाळिशी मिळाली. तांदूळ निवडणारी, गोधडी शिवणारी, शेतात खुरपणारी बाई मात्र सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारत राहिली. तिचं वयही तेच, डोळेही तसेच. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. "आता वयच झालं" एवढं म्हणून विषय संपला.

आपल्या मंडळातल्या अनेकांचे आजी-आजोबा निर्मल, आदिलाबाद, नांदेड, बीदर, लातूर या भागांतल्या गावांत राहतात. आपण हैदराबादेत शिकतो. इथं दर दोन चौकांवर चष्म्याचं दुकान आहे, नेत्रतज्ज्ञही आहेत. तिकडे गावात काय आहे? म्हाताऱ्या माणसाचे डोळे तपासले जातात का, जात नसतील तर का नाही, आणि जिथं ही सोय नीट झाली तिथं ती कशी झाली, हे या लेखात समजून घेऊ.

आधी शब्द, मग आजार

उतारवयात नजर कमी होण्याची चार मोठी कारणं आहेत.

पहिलं चाळिशीचंच. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचिक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं, लांबचं पाहताना सपाट होतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं आणि जवळचं अक्षर पुसट दिसू लागतं. हा आजार नव्हेच, केस पिकावेत तसा हा बदल आहे. साध्या जवळच्या चष्म्यानं तो भरून निघतो. हा चष्मा फक्त वाचणाऱ्यांसाठी असतो असं वाटत असेल, तर आसामातला एक अभ्यास पाहा. तिथल्या चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मजुरांपैकी काहींना जवळचा चष्मा दिला, काहींना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची पानतोड इतरांपेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मजुरी तोडलेल्या पानांच्या वजनावर असेल, तर हा चष्मा म्हणजे थेट घरखर्चाचा प्रश्न झाला.

दुसरं कारण मोतीबिंदू. बुबुळामागचं तेच भिंग गढूळ होतं आणि धुकट काचेतून पाहावं तसं दिसू लागतं. नाव किती सुंदर आहे! पण या शब्दाबरोबर आपल्या भाषेत एक घातक क्रियापद आलं आहे: 'पिकणं'. "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की बघू." या समजुतीला एके काळी आधार होता. तेव्हा भिंग अख्खं काढून टाकत आणि त्याच्या जागी दुसरं बसवायची सोय नव्हती. ऑपरेशननंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. म्हणून नजर पुरती जाईपर्यंत थांबत. आज छोट्याशा छेदातून गढूळ भिंग काढून त्याच वेळी कृत्रिम भिंग बसवतात. पिकायची वाट पाहायची गरज उरलेली नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, आणि कधी कधी त्यानं डोळ्यातला दाब वाढून डोळा कायमचा जातो. 'ऑपरेशन थंडीतच करायचं' हाही त्याच जुन्या काळचा नियम. आता ते बाराही महिने होतं.

तिसरं कारण काचबिंदू. नावात 'बिंदू' असल्यामुळे तो मोतीबिंदूचा भाऊ वाटतो, पण तसं नाही. यात मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस हळूहळू मरते. बहुतेकदा त्यात डोळ्यातला दाब वाढलेला असतो. सुरुवातीला दुखत नाही, समोरचंही स्वच्छ दिसतं. नजर कडेकडेनं कमी होत जाते आणि माणसाला ते फार उशिरा कळतं. मोतीबिंदूनं गेलेली नजर परत येते, काचबिंदूनं गेलेली येत नाही. आहे तेवढी वाचवता येते, तीही वेळेवर कळलं तर. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर आपल्याला धोका जास्त असतो.

चौथ्या कारणाला जुन्या मराठीत नावच नाही, कारण तो आता वाढलेला आजार आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. यातही सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून साखरेचा आजार असलेल्या प्रत्येकानं, नीट दिसत असलं तरी, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो.

या चारांपैकी पहिल्या दोघांत माणसाला कमी दिसतंय हे कळतं, पण तो 'वय झालं' म्हणून गप्प बसतो. उरलेल्या दोघांत त्याला कळतच नाही. चारही ठिकाणी, तो आपणहून दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहणं उपयोगाचं नाही. कुणीतरी त्याच्यापर्यंत जाऊन विचारायला हवं. तपासणी म्हणजे मुळात हे विचारणंच.

तपासणीत काय करतात?

गावातली प्राथमिक तपासणी फार साधी असते. तिला मोठं यंत्र लागत नाही, पण शिकलेला माणूस लागतो.

माणसाला सहा मीटरवर बसवून तक्ता दाखवतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तीन दातांच्या फणीसारखं इंग्रजी 'ई' वेगवेगळ्या दिशांना वळवलेलं असतं. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ही परीक्षा देऊ शकते. एकेक डोळा झाकून पाहायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम उचलतो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

चिठ्ठीवर ६/१८ असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, चांगल्या डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसतं, ते या डोळ्याला ६ मीटरवर आल्यावर दिसतं. आपल्या देशात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल तर त्याला अंधत्व म्हणतात. आधी ही रेषा ६/६० वर होती. २०१७ मध्ये ती बदलून जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेतली.

कमी दिसलं, तर डोळ्यासमोर बारीक भोकाची काळी पट्टी धरतात. त्या भोकातून स्पष्ट दिसलं तर चष्म्यानं काम होण्याची शक्यता जास्त. तरीही पुसटच दिसलं, तर डोळ्यात काही दोष आहे आणि डॉक्टरांकडे पाठवायला हवं. मग जवळचं वाचून किंवा सुई ओवून पाहायचं, आणि बॅटरीच्या उजेडात बुबुळावर पांढरेपणा, फूल किंवा वडस आहे का ते बघायचं.

या साध्या तपासणीची मर्यादाही माहीत हवी. तक्ता वाचून काचबिंदू कळत नाही, मधुमेहाचा पडदाही कळत नाही. त्यासाठी डोळ्यातला दाब मोजावा लागतो, आतली नस आणि पडदा पाहावा लागतो. आता पडद्याचा फोटो गावाजवळच्या केंद्रात काढून शहरातल्या डॉक्टरांना पाठवता येतो. पण 'शिबिरात तक्ता नीट वाचला, म्हणजे डोळे उत्तम' असं समजू नये.

आकडे काय सांगतात?

२०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं, आणि त्यातलं ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे पन्नाशीपुढच्या दर तीन अंध माणसांपैकी जवळजवळ दोघांची नजर एका छोट्या ऑपरेशननं परत येण्यासारखी होती. ऐंशीच्या पुढं अंधत्वाचं प्रमाण ११.६ टक्के होतं. खेड्यात ते २.१४ टक्के, शहरात १.८० टक्के.

साहित्य मंडळाच्या वाचकांनी एक आकडा मुद्दाम पाहावा. निरक्षरांमध्ये हे प्रमाण ३.२३ टक्के, तर दहावी किंवा त्यापुढं शिकलेल्यांमध्ये ०.४३ टक्के. निरक्षर माणसं वयानंही जास्त असतात, हे त्यातलं एक कारण आहेच. पण ज्याला वाचता येत नाही त्याला नजर कमी झाल्याचं उशिरा कळतं, बोर्ड वाचत दवाखाना शोधणं त्याला अवघड जातं, आणि 'वाचायचंय कुठं, मग चष्मा कशाला' असं घरचेही म्हणतात, हे आपण आजूबाजूला पाहतोच.

फुकट शिबिरालाही माणसं का येत नाहीत?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. तेव्हापासून देशभर हजारो शिबिरं झाली आणि त्यांतून लाखो लोकांना नजर मिळाली, हे मोठं काम आहे. पण मदुराई भागातल्या खेड्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की डोळ्यांची तक्रार असलेल्यांपैकी शंभरांत जेमतेम सात जण शिबिराला आले होते. शिबिर गावाजवळ होतं, मोफत होतं, दवंडीही पिटली होती. तरी बाकीचे त्र्याण्णव घरीच राहिले.

कारणं ऐकली की आपल्याच घरातली वाटतात. भीती, "ऑपरेशन बिघडलं तर आहे तेवढंही जाईल." खर्च, कारण मोफत शिबिरही मोफत नसतं. त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. घरची जबाबदारी, नातवंडं कुणी सांभाळायची? आणि शेवटी तेच, "आता वयच झालं, किती दिवस राहिलेत?"

बायकांच्या बाबतीत हे दुप्पट लागू होतं. त्या जास्त जगतात, म्हणून मोतीबिंदूही त्यांना जास्त. पण घरात पैसा आणि वेळ कुणावर आधी खर्च करायचा याचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात आजीचे डोळे शेवटी येतात. ती तक्रारही करत नाही. स्वयंपाकघर तिच्या हाताला पाठ असतं, मिठाचा डबा न बघता सापडतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हिला दिसतंय की!

मुधोळचा अनुभव

शिबिर येतं आणि जातं. डोळे मात्र रोज असतात. मग कायमची सोय गावाजवळच का करू नये, या विचारातून एक रचना आपल्या हैदराबादेतच उभी राहिली. १९८७ साली डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी इथं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू केली. तिला नाव आहे चित्रपट दिग्दर्शक-निर्माते एल. व्ही. प्रसाद यांचं, त्यांनीच मोठी देणगी दिली होती.

या संस्थेचं खेड्यातलं पहिलं रुग्णालय १९९६ साली मुधोळला निघालं. बागलकोटचं मुधोळ नव्हे, आपलं बासरजवळचं, तेव्हाच्या आदिलाबाद आणि आताच्या निर्मल जिल्ह्यातलं. त्याचं नाव भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र. बासर-भैंसा भागातल्या आपल्या मराठी वाचकांना हा पत्ता सांगायला नको. गोदावरीच्या दोन्ही अंगांना मराठी आणि तेलुगू बोलणारी गावं आहेत, आणि डोळ्यांचे आजार भाषा विचारत नाहीत.

रचना पिरॅमिडसारखी आहे. वरच्या टोकाला शहरातलं मोठं रुग्णालय. त्याखाली सुमारे ५ लाख लोकवस्तीमागे मुधोळसारखं एक छोटं रुग्णालय, जिथं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याच्याभोवती सुमारे ५० हजार लोकवस्तीमागे एक दृष्टी केंद्र. या दृष्टी केंद्रात डॉक्टर नसतो. त्याच भागातली, बारावी झालेली मुलं-मुली निवडून त्यांना वर्षभराचं प्रशिक्षण देतात. ती नजर तपासतात, चष्म्याचा नंबर काढतात आणि शंका वाटली तर पुढं पाठवतात.

यातली खरी युक्ती त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या पत्त्यात आहे. ती तिथलीच असते, बाजारात भेटते, आजीची बोली तिला समजते. चष्म्याची काडी तुटली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला जाता येतं. शिबिरातल्या डॉक्टरांना आजी पुन्हा भेटण्याची खात्री नसते. इथं ती पुन्हा येणारच असते.

सरकार दारी आलं तेव्हा

दुसरा अनुभव तेलंगण सरकारचा. १५ ऑगस्ट २०१८ रोजी मेदक जिल्ह्यातल्या मल्कापूरहून 'कंटि वेलुगु' ही योजना सुरू झाली. नावाचा अर्थ 'डोळ्यांचा उजेड'. गावोगावी पथकं जाऊन सगळ्यांचे डोळे मोफत तपासत. जवळचा चष्मा तिथल्या तिथं मिळे आणि नंबरचा चष्मा नंतर घरपोच येई. पहिल्या फेरीत दीड कोटीच्या आसपास लोकांची तपासणी झाली. दुसरी फेरी १८ जानेवारी २०२३ ला खम्मममधून सुरू झाली.

या योजनेनं एक मोठी गोष्ट केली. तक्रार असलेल्यालाच नव्हे, सगळ्या गावाला बोलावलं. त्यामुळे "मला काही होत नाही" म्हणणारे आजोबाही शेजाऱ्याबरोबर रांगेत बसले. पण फेरी संपली की पथक जातं. पुढच्या वर्षी ज्याला चाळिशी लागेल किंवा ज्याचा मोतीबिंदू वाढेल, त्याचं काय? म्हणून दोन्ही हवं. अधूनमधून सगळ्या गावाला विचारणारी फेरी, आणि वर्षभर उघडं असणारं जवळचं केंद्र.

चिठ्ठी मिळाली, पुढं काय?

तपासणीनंतर हातात चिठ्ठी येते: 'मोतीबिंदू, जिल्हा रुग्णालयात दाखवा.' बरीच माणसं इथंच अडकतात. चिठ्ठी देव्हाऱ्यामागे किंवा रेशन कार्डाच्या पिशवीत जाऊन बसते.

राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आणि मान्यता असलेल्या संस्थांमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. म्हणजे अडचण ऑपरेशनच्या पैशांची कमी, आणि ज्याला नीट दिसत नाही त्यानं चाळीस किलोमीटरवरच्या शहरात एकट्यानं कसं जायचं, ही जास्त. बस कुठली, केसपेपर कुठं काढायचा, कुठल्या खोलीत जायचं? दवाखानेही सांगतात, सोबत माणूस आणा. मुलगा शहरात कामाला, सून शेतात, नातू कॉलेजात. तो नातू म्हणजे आपण.

ऑपरेशननंतरही काम संपत नाही. काही आठवडे ठरलेल्या वेळी थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, सांगितलेल्या दिवशी पुन्हा दाखवायचं. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अचानक कमी दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं थेंब आणायचे नाहीत. त्यांतल्या काहींत स्टेरॉईड असतं, ते बरेच दिवस वापरलं तर त्यानंच काचबिंदू होऊ शकतो.

आपण काय करू शकतो?

सुट्टीत गावी गेल्यावर पाच मिनिटांचं एक काम करा. आजी-आजोबांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर थोडं लांब बसवा आणि एकेक डोळा झाकून तारखेचे मोठे आकडे विचारा. आकडे ओळखता येत नसतील, तर किती बोटं आहेत ते विचारा. मग सुई-दोरा हातात द्या. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. पण दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर केंद्रात जाण्याचं कारण सापडलं.

बोलताना शब्द नीट ऐका. आजी 'मोतीबिंदू' म्हणणार नाही. ती म्हणेल, "झाकळ आल्यासारखं दिसतंय", "धुकं धुकं वाटतं", "डोळ्यापुढं जाळं येतं". दिव्याभोवती रंगीत खळं दिसतं आणि डोळा दुखतो असं म्हणाली, तर उद्यावर ढकलू नका, डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तेलंगणातल्या केंद्रात समोरचा माणूस तेलुगू बोलणारा असला, तर तिची झाकळ त्याला 'मसक' म्हणून सांगणं हे आपलं काम. मराठी मंडळात दोन-तीन भाषा येणारी इतकी मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी हे अगदी योग्य काम आहे. घरात कुणाला काचबिंदू होता का, साखर आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आणि चिठ्ठी मिळालीच, तर तिच्यावरची तारीख आपल्या मोबाइलमध्ये नोंदवा. त्या दिवशी कॉलेज बुडालं तरी चालेल, आजीबरोबर बसमध्ये बसा.